छत्रीच्या नाटकात हसणारी बाई

१

दक्षताबाईंचा घास हातातच राहिला.

रेडिओवर छत्री हरवलेला माणूस नुकताच म्हणाला होता, "काळीच होती हो, पण माझी जरा जास्त काळी होती!" आणि त्यानंतर जे यायला हवं होतं ते आलंच नाही. कारकुनाचं पात्र सरळ पुढचं वाक्य बोलून मोकळं झालं.

छत्रीचं नाटक ज्या घरात ठाऊक नाही असं घर शोधून सापडलं नसतं. छत्री हरवलेला एक माणूस आणि हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीतला एक कारकून, एवढी दोनच पात्रं. चाळीस वर्षांपूर्वी याच तारखेला भरल्या नाट्यगृहात त्याचं ध्वनिमुद्रण झालं, आणि दर वर्षी त्या तारखेला रेडिओ केंद्र ते लावत आलं होतं. लोकांना वाक्यं तोंडपाठ होती. पण त्याहून पाठ होतं ते प्रेक्षकांतल्या एका बाईचं हसणं. आधी श्वास आत ओढल्याचा आवाज, मग भरली घागर पालथी व्हावी तसं धबधब कोसळणं, आणि शेवटी स्वतःलाच आवरत नाही अशी एक बारीक किंकाळी. पहिल्या अंकात ती तीनदा हसायची आणि तिच्यामागून अख्खं नाट्यगृह. दुसऱ्या अंकात मात्र तिचा पत्ता नाही. मध्येच उठून गेली असेल, असं लोक म्हणत. ती कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं.

दक्षताबाईंचं खरं नाव केंद्रात फारसं कुणी घेत नसे. पोलिसांतून निवृत्त झाल्यावर त्या तिथे दक्षता अधिकारी म्हणून लागल्या, तेव्हापासून त्या दक्षताबाई. चोरीला गेलेले मायक्रोफोन आणि गायब झालेले पंखे शोधायचे, संध्याकाळी दोन खोल्यांच्या घराचं कुलूप उघडायचं, एका माणसाचा स्वयंपाक करायचा. भाऊ लांब देशी, त्याचा फोन आला तर आला. वर्षातून एका संध्याकाळी ती अनोळखी बाई येऊन हसून जायची, तेव्हा घरात कुणी पाहुणं आल्यासारखं वाटायचं.

तिच्या हसण्याची दुसरी जागा आली आणि गेली. तिसरीही गेली. ताटातलं निवलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. केंद्रप्रमुख होते.

"बाई, ऐकलंत?"

"ऐकलं. म्हणजे नाहीच ऐकलं."

"इथे फोन थांबत नाहीयेत. यंदा चाळिसावं वर्ष म्हणून कौतुकानं मूळ रीळ जुन्या यंत्रावर लावलं, आणि कुणीतरी त्या रिळातून बाईला कापून नेलंय!"

२

रिळांच्या खोलीत खिडकी नव्हती. छतापर्यंत पत्र्याची कपाटं आणि मध्ये एक टेबल. तिथे अण्णा बसत. भांडार सांभाळणारे अण्णा. लग्न केलं नाही, दुसरं घरही धड केलं नाही. या खोलीतच माणूस म्हातारा झाला. आता निवृत्तीला आले होते.

"माझ्याच खोलीत व्हायचं होतं हे," ते म्हणाले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसावा. "चार दिवसांनी सन्मानानं घरी गेलो असतो."

"कापलं कसं असेल ते सांगा, अण्णा."

त्यांनी रीळ हातात घेतलं. "पूर्वी आम्ही सगळं पात्यानंच करत असू. नको तेवढी फीत कापायची, उरलेली टोकं चिकटपट्टीनं जोडायची. हे रीळ तेव्हाच जोडजोडून तयार झालंय. यातले जोड जुने कुठले आणि नवे कुठले, ते मलाही छातीठोक सांगता येणार नाही. ज्यानं कापलं त्याचा हात बसलेला आहे."

"असा हात कुणाचा?"

"माझा," अण्णा म्हणाले. जरा थांबून पुढे, "तेव्हाच्या सगळ्यांचाच. निवेदकसुद्धा आपापले कार्यक्रम आपणच कापायचे. आता कोण उरलंय?"

"रीळ शेवटचं पूर्ण कधी ऐकलं होतं?"

"गेल्या आठवड्यात. छत्रीकाका आले होते स्वतःचं नाटक ऐकायला, त्यांना ऐकवलं. तेव्हा बाई होती. नंतर मी फक्त सुरुवात लावून बघितली. जुनी फीत, झिजवायची कशाला?"

"आणि कपाटाची किल्ली?"

अण्णांनी दाराजवळच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. किल्ली तिथेच लोंबकळत होती, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खांद्याला लागेल अशी.

"त्या आठवड्यात इथे कोण कोण आलं?"

"छत्रीकाका ती एक दुपार. निर्माता दिवसातून दहादा. आणि निवेदिका. वर गोंगाट असतो म्हणून ती कार्यक्रमाचं लिखाण करायला इथे बसायची." त्यांनी रीळ डब्यात ठेवलं, पण झाकण लावायचं त्यांना सुचेना. "बाई, माझ्यावर येणार का हो हे?"

दक्षताबाईंना खोटं बोलता आलं नाही.

३

निर्माता तिशीतला, बोलण्यात चटपटीत. "मला विचाराल तर सरळ आहे. अण्णा. पातं त्यांचं, खोली त्यांची. निवृत्त व्हायचा राग असतो एकेकाला."

"तुमचा काही फायदा? आज सगळीकडे तुमच्याच कार्यक्रमाची चर्चा आहे."

तो हसला. "चर्चा कसली, शिव्या आहेत! आणि मी पातं दाढीलासुद्धा धरलेलं नाही. मला त्या रिळाचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे कळत नाही. काल मी काचेपलीकडून हातवारे करत होतो, घाम फुटला होता मला. निवेदिका मात्र थंड. नाटक संपल्यावर नेहमीच्या आवाजात वेळ सांगितली तिनं. मानलं आपण."

"ती नेहमीच हा कार्यक्रम करते?"

"छे! दर वर्षी बरोबर या तारखेला तिची रजा असते. यंदा मीच मंजूर केली नाही. चाळिसावं वर्ष, तिच्यासारखा आवाज दुसरा आहे का?"

छत्रीकाका एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एकटेच राहत. नाटकातला छत्री हरवलेला माणूस तो हाच. कारकून झालेला त्यांचा जोडीदार कधीच गेला होता. भिंतीवर मानपत्रं होती, त्यांच्यावरची धूळ पुसायला कुणी नव्हतं. त्यांनी स्वतः चहा केला. कप आणताना बशी अशी खडखडत होती की निम्मा चहा बशीत आला.

"मला त्या बाईचा राग होता का, हेच ना?" ते म्हणाले. "होता. चांगला होता! अहो, छत्रीचे ते संवाद मी आरशापुढे महिनोनमहिने घोटले. आणि चार लोकांत ओळख करून देताना काय म्हणतात? हे त्या नाटकातले, ज्यात ती बाई हसते. माझ्या नावाआधी तिचं हसणं!"

"मग गेल्या आठवड्यात एवढा वेळ ऐकत काय बसला होतात?"

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "माझ्यासोबत त्या रंगमंचावर होता तो गेला. बसवणारा गेला. पडदा ओढणारासुद्धा गेला. त्या संध्याकाळचं ओळखीचं म्हणावं असं ती एकच उरली होती. काल ती हसली नाही तेव्हा मला वाटलं, बाई, की माझा विनोद पडला."

त्यांचा हात अजून थरथरत होता. तो हात पात्याने केसाइतक्या फटीत फीत कापेल, हे अशक्यच होतं.

निवेदिका स्टुडिओबाहेरच्या बाकावर भेटली. पन्नाशीची, नीटनेटकी, मऊ आवाजाची. सबंध गाव तिच्या आवाजाने उठे, पण ती स्वतः कुणाबरोबर डबा खायला कधी बसत नसे. काम झालं की घर. घरी म्हातारे वडील, एवढंच लोकांना माहीत होतं.

"मी रोज तिथे बसायचे, हे खरं," ती म्हणाली. "कपाटाला हात लावला नाही."

"तुम्हाला काय वाटतं, कुणी केलं असेल?"

"मला कशाला काय वाटायचं? पण तुमची कीव येते, बाई. तेवढ्या चार तुकड्यांसाठी तुम्हाला रविवारचीही सुट्टी मिळणार नाही."

ती हसली, हात तोंडाशी नेऊन. दक्षताबाईही हसल्या. आणि उठताना निवेदिकेने हळूच विचारलं, "अण्णांवर नाही ना येणार?"

४

घरी आल्यावर दक्षताबाईंनी कपाटातून जुनी कॅसेट काढली. छत्रीच्या नाटकाच्या अशा कॅसेटी एके काळी गल्लोगल्ली विकल्या गेल्या होत्या. त्यांच्याकडची भावाने परदेशी जाताना मागे ठेवलेली, खरखरणारी. दुसऱ्या यंत्रावर त्यांनी काल प्रसारित झालेली नक्कल लावली. एकावर थोडं ऐकायचं, मग दुसऱ्यावर तेवढंच.

पहिलं हसू: इकडे आहे, तिकडे नाही. दुसरं तसंच. तिसरं तसंच. संपलं. आता उगाच कशाला, म्हणून त्या बटण बंद करणार होत्या, पण कॅसेटवर बाई नुकतीच हसली होती आणि घर इतकं सुनं वाटत होतं की त्यांनी नाटक तसंच चालू ठेवलं. दोन्हीकडे.

पहिल्या अंकाच्या शेवटाजवळ कारकून म्हणतो, "मग तुम्ही छत्री शोधताय की ऊन?" लोक हसतात. आणि कॅसेटवर त्या हशाच्या टोकाला कुणीतरी खोकलं. कोरडं, छोटं, दाबलेलं.

दुसऱ्या यंत्रावर खोकला नव्हता.

दक्षताबाईंनी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा. मग त्या खुर्चीत ताठ बसल्या. चाळीस वर्षं लाखो लोकांनी ते नाटक ऐकलं होतं, आणि तो खोकला कुणाच्या कानालाही लागला नव्हता. भरल्या नाट्यगृहात शंभर माणसं खोकतात. त्यातला हाच एक कुणी का कापावा?

५

दुसऱ्या दिवशी त्या केंद्रात पोचल्या तर जिन्यातच गलका. निर्मात्याने केंद्रप्रमुखांना घेऊन अण्णांचा खण उघडायला लावला होता. आत नवंकोरं पातं आणि चिकटपट्टी.

"ते कायमच असतं तिथे," अण्णा म्हणत होते. कुणी ऐकत नव्हतं.

"चौकशी होईपर्यंत अण्णांनी घरी बसावं," केंद्रप्रमुख म्हणाले. त्यांनाही ते बोलणं जड जात होतं. "उद्या आदेश काढतो."

"घरी?" अण्णांनी विचारलं, जणू तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

गर्दी पांगल्यावर दक्षताबाई त्यांच्याजवळ बसल्या. "अण्णा, पहिल्या अंकाच्या शेवटी कुणी खोकतं का हो?"

"खोकतं? कुणी?" अण्णा गोंधळले. "बाईची तीन हसणी कापलीत, खोकल्याचं काय घेऊन बसलात?"

रिळातून किती तुकडे गेले असं निर्मात्याला विचारलं, तोही तीन म्हणाला. छत्रीकाकांना फोन केला, ते तर ओरडले, "तीन! मला नाही ठाऊक तर कुणाला?"

दक्षताबाई बाहेर बाकावर येऊन बसल्या. काल याच बाकावर त्या निवेदिकेशेजारी बसल्या होत्या. *तेवढ्या चार तुकड्यांसाठी.*

आपण सगळेच असं बोलतो. चार दिवस, चार लोक, चार गोष्टी. अण्णा तसंच बोलले, छत्रीकाका तसंच बोलले. त्यात मोजणी नसते. म्हणून तर कानावरून ते अलगद निघून गेलं होतं.

पण त्या रिळातून खरोखरच चार तुकडे गेले होते.

६

दार निवेदिकेने उघडलं. आत खिडकीशी एक कृश, स्वच्छ दाढी केलेले गृहस्थ बसले होते, कानाला ट्रान्झिस्टर लावून. त्यांनी पाहुणीला मान लववली आणि पुन्हा ऐकू लागले.

"उद्या अण्णांना घरी बसवतायत," दक्षताबाई म्हणाल्या.

निवेदिकेने त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"निर्मात्याला पातं धरता येत नाही," दक्षताबाई हळू आवाजात सांगू लागल्या. "छत्रीकाकांचा हात चहाचा कपही धरत नाही. उरलात अण्णा आणि तुम्ही. तुम्ही जुन्या निवेदक, स्वतः फिती कापलेल्या. पण ज्यानं कापलं त्यानं हसण्यांबरोबर एक खोकलाही नेला. तो खोकला त्याच बाईचा, हे त्याला ठाऊक होतं. अण्णांना तो खोकला आहे हेसुद्धा माहीत नाही. एखादं माणूस खोकल्यावरून कोण ओळखतं? ज्यानं त्याच्या सोबत दिवस काढलेत ते. आणि मला तुम्ही चार तुकडे म्हणालात."

"बोलण्यातलं चार ते."

"मलाही तसंच वाटलं होतं."

निवेदिका ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेरून ट्रान्झिस्टरवरच्या बातम्या येत होत्या.

"आई होती ती माझी," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. वडिलांनीच आग्रह करून आईला नाटकाला नेलं होतं. आई तशी हसली आणि सगळ्या रांगा वळून बघू लागल्या. तिसऱ्यांदा हसली तेव्हा वडिलांनी तिचा हात दाबला. हळू हास, लोक बघतायत. पुढचा विनोद आला तेव्हा आईने हसू गिळलं, आणि ते गिळताना तिला ठसका लागला.

"तो खोकला नाही, बाई. ते चौथं हसू आहे. मग दुसरा अंकभर ती तोंडावर हात ठेवून बसली. ती उठून गेली नव्हती. पुढे रेडिओवर लागलं, तिचं हसणं घरोघर झालं, तर ती लाजून अर्धी झाली. कुणाला सांगायचं नाही म्हणाली. त्यानंतर तसं हसताना मी तिला कधीच बघितलं नाही. मी तेव्हा लहान. शेजारी झोपले होते त्या रात्री. आईचं ते हसणं मला रेडिओवरूनच माहीत."

"आणि बाबा?"

"आई गेली, मग बाबांचं सगळं विसरत गेलं. मला कधी कधी ओळखत नाहीत. पण ते हसू आलं की उठतात, केस विंचरतात आणि नाटक सुटलं असेल म्हणून तिला आणायला निघतात. ठसका ऐकला की रडतात. म्हणून त्या दिवशी मी रजा घेते, त्यांना काहीतरी करून गुंतवते. गेल्या वर्षी क्षणभर डोळा लागला माझा. पहाटे सापडले. ते नाट्यगृह पाडून दुकान झालंय, त्याच्या पायरीवर बसले होते, थंडीनं काळेनिळे. ती आली नाही म्हणाले." तिने डोळे पुसले नाहीत. "यंदा रजा मिळाली नाही. शेजारणीला सांगून ठेवलं, पण तिचा काय भरवसा? त्यांच्या हातून रेडिओ काढून घेऊ? तेवढाच तर आहे त्यांना."

"हे केंद्रप्रमुखांना सांगितलं असतं तर?"

"सांगायला गेले होते. दारापर्यंत. मग वाटलं, आईची एवढी एकच गोष्ट मी नीट पाळलीय." तिने मसाल्यांच्या डब्यांमागून एक छोटी डबी काढली. आत तपकिरी फितीचे तुकडे होते, वेगवेगळे गुंडाळलेले. "टाकवले नाहीत. उद्या सकाळी मीच जाते केंद्रप्रमुखांकडे. अण्णांचं तोंड माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तुम्ही आला नसतात तरी गेले असते... बहुतेक गेले असते."

७

ती गेली. दक्षताबाई सोबत होत्या, पण बोलली तीच. केंद्रप्रमुखांनी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ घातलाच नाही. तिला दोन महिने मायक्रोफोनपासून दूर ठेवायचं ठरलं, लेखी ताकीद मिळाली, आणि अण्णांची केंद्रप्रमुखांनी सगळ्यांदेखत माफी मागितली. निर्माता मात्र हरखला. "काय गोष्ट आहे ही! वडिलांना आणू या ना कार्यक्रमात!"

"त्या बाईचं नाव या खोलीबाहेर जाणार नाही," दक्षताबाई म्हणाल्या. पोलिसांतला आवाज त्यांनी पुष्कळ दिवसांनी काढला होता. निर्मात्याने तो विषय तिथेच सोडला.

अण्णांनी एका दुपारी तुकडे जागच्या जागी जोडले. निवेदिका शेजारी बसून एकेक फीत त्यांच्या हातात देत होती. लोकांच्या आग्रहाखातर नाटक रविवारी संध्याकाळी पुन्हा लागायचं होतं.

रविवारी दक्षताबाई तिच्या दारात हजर झाल्या.

"बाबांना मी फिरवून आणते," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरी बसून ऐका. पूर्ण."

निवेदिकेने दार पूर्ण उघडलं. मग आत जाऊन तिने वडिलांचा स्वेटर आणला, बटणं लावली, आणि पुष्कळ वेळ त्यांची कॉलर नीट करत राहिली.

रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते. गृहस्थ भराभर चालत होते, नाट्यगृहाची वाट त्यांना पाठ होती. दक्षताबाई नुसत्या बरोबर चालल्या. जाताना एका उघड्या खिडकीतून छत्रीच्या नाटकाची सुरुवात ऐकू आली. गृहस्थांनी पावलं आणखी उचलली.

जिथे नाट्यगृह होतं तिथे आता कपड्यांचं मोठं दुकान होतं. काचेच्या दारातून माणसं पिशव्या घेऊन बाहेर पडत होती. गृहस्थ पायरीशी उभे राहिले आणि बाहेर येणारा एकेक चेहरा बघू लागले.

"तुमचं कोण आत आहे?" त्यांनी दक्षताबाईंना विचारलं.

"माझं कुणी नाही."

"मग थांबलात कशाला?"

"तुमच्या सोबतीला."

त्यांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं असावं. थोड्या वेळाने म्हणाले, "मी तिला उगाच बोललो आज. लोकांचं काय एवढं? आली की सांगणार आहे, हवं तेवढं हास."

"सांगा."

दार उघडत होतं, मिटत होतं. वारा सुटला तसा दक्षताबाईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. चार माणसांत कुणाचा हात धरून त्या किती वर्षांत उभ्या राहिल्या नव्हत्या. गृहस्थांनी तो सोडवला नाही.

"उशीर होतोय तिला," ते म्हणाले.

"होऊ दे की," दक्षताबाई म्हणाल्या. "मला कुठे घाई आहे? थांबू आपण."